धाकटीच्या पाठीमागे

१

तेवीस वर्षं माझा दिवस एकाच पद्धतीने सुरू झाला. सकाळी नऊला हॉलचं दार उघडायचं, बूट काढून खुंटीखाली ठेवायचे, लोकरीच्या जाड सपाता पायांत चढवायच्या आणि धाकटीत शिरायचं. सपाता सगळ्यांच्या सारख्याच करड्या रंगाच्या, म्हणून माझ्या टाचांवर मी लाल दोऱ्याने फुली घालून ठेवली होती. आमच्याकडे हुशार इंजिनियर पुष्कळ होते, पण दुसऱ्याच्या सपाता घालून फिरताना त्यांतल्या एकालाही लाज वाटत नसे.

धाकटी म्हणजे आमच्या हॉलमधलं अंतराळस्थानक. खरं स्थानक ती थोरली. ती वर असते, दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते आणि तिच्या पोटात दोन माणसं राहतात. धाकटी तिची हुबेहूब जोडी, फक्त कधी न उडालेली. लोखंडी घोड्यांवर हॉलच्या मधोमध उभी, डोक्यावर ट्यूबलाइटची गुणगुण आणि छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांत कबुतरं.

वर माणूस राहतो म्हटल्यावर रोज काहीतरी हलतं, झिजतं, मोडतं. रात्रीतून काय काय झालं त्याची यादी सकाळी आमच्याकडे यायची आणि मी खाली तेच करायचे. वर पंख्याची जाळी काढून डाव्या कडीला बांधली असेल, तर मीही काढून डाव्या कडीला बांधायचे. याला आम्ही मेळ घालणं म्हणतो. उद्या वर काही बिघडलं, तर आम्ही ते आधी धाकटीत बिघडवतो, हाताने दुरुस्त करून बघतो, आणि मग वरच्यांना सांगतो की पाना असा धरा, कोपर असं वळवा. वर मिस्त्री नाही, दुकान नाही, आणि शेजाऱ्याकडून पक्कड मागून आणायची सोय नाही.

नियम दोनच होते. पहिला, सराव झाला की जोडलेलं, बांधलेलं सगळं पुन्हा सोडवून टाकायचं. वर झालेलं नाही ते खाली ठेवायचं नाही. दुसरा नियम चोरखिडकीचा. धाकटीच्या पाठीला दोन वितींएवढा पत्रा कधी बसवलाच नव्हता, तारा ओढणाऱ्यांना बाहेरून हात घालता यावा म्हणून. थोरलीला त्या जागी सलग भिंत आहे आणि भिंतीपलीकडे काही नाही. म्हणून सराव करताना चोरखिडकीतून हात घालणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडणं. हॉलप्रमुख सवेली कुझ्मिच यांनी तिथे स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: हात घालू नये.

मी तारा बांधणारी बाई. नाव अग्निया मत्वेयेव्ना, पण हॉलमध्ये सगळे नुसतं मत्वेयेव्ना म्हणतात. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही.

२

त्या वर्षी वर दोघं होते. अर्सेनी हा कमांडर, कमी बोलणारा, लष्करातला. आणि ग्लेब, फ्लाइट इंजिनियर. ग्लेबला मी त्याच्या सव्विसाव्या वर्षापासून ओळखते. तार कशी गुंडाळावी, मेणाच्या दोऱ्याची गाठ कशी मारावी आणि शेवटी नखाएवढं टोक का सोडावं, हे त्याला मी शिकवलं. टोक सोडायचं ते पुढच्या माणसासाठी. त्याला ती गाठ कधीतरी सोडवावी लागणार असते. या पहिल्या उड्डाणासाठी तो अकरा वर्षं थांबला होता. एवढ्या काळात लोकांची लग्नं होऊन मोडतात.

निघायच्या आदल्या दिवशी तो हॉलमध्ये आला. प्रवासाला निघण्याआधी आमच्याकडे मिनिटभर गप्प बसतात. घरी बसायचं असतं, पण ग्लेब म्हणाला की त्याचं घर हेच. मग तो, मी आणि कुझ्मिच धाकटीत मांडीला मांडी लावून बसलो, काही न बोलता. मग तो उठला आणि गेला.

मार्चमध्ये एकदा हॉलमधल्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. कामाचं बोलणं संपलं होतं आणि संपर्काची दोन मिनिटं उरली होती.

"मत्वेयेव्ना, तुमच्या सूर्यफुलाच्या बिया इथवर आल्यात हो," तो म्हणाला. "पंख्याच्या जाळीमागे तीन टरफलं सापडली. तुमच्या तुटक्या दाताची खूणसुद्धा आहे त्यांवर."

सगळे हसले. मीही हसले. बिया चघळायची माझी खोड साऱ्या हॉलला माहीत होती. धाकटीत खाणं मना, तरी मी खायचे. पण थोरली दुसऱ्याच कारखान्यात बांधली गेली, मी तिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. मालवाहू यानातून कुणाच्या तरी पिशवीतून गेली असतील, मी म्हटलं, वर काय मी एकटीच रशियन बाई बिया खाणारी आहे का?

संध्याकाळी निघताना मी सहज धाकटीतली तीच जाळी काढली. मागे तीन टरफलं होती. मी ती वेचली, खिशात टाकली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं की टरफलांचं काय केलंस. तो म्हणाला की मला दाखवायला म्हणून रबराच्या पट्टीखाली अडकवून ठेवली होती, पण रात्रीत कुठे तरंगत गेली कोण जाणे. वर वस्तू हरवतातच. मी मान डोलावली, आणि आठवडाभर बियांना हात लावला नाही.

३

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात थोरली तापू लागली. स्थानक थंड ठेवणारं द्रावण नळ्यांतून फिरत असतं. हिरवट, गोडूस वासाचं, पोटात किंवा छातीत गेलं तर विषच. त्याचा दाब उतरत होता. म्हणजे कुठेतरी गळत होतं. कुठे, ते सापडत नव्हतं. साठ मीटर नळी, आणि तिच्यापुढे इतक्या वर्षांचा संसार: कपाटं, पिशव्या, तारांचे गुंडाळे.

गळती थांबेना म्हणून पंप बंद केला. पंप बंद म्हणून गारवा बंद. गारवा बंद म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्रही अर्ध्यावर. वर चौतीस अंश झाले. दोघं चड्ड्यांवर फिरत होते, डोळे चुरचुरत होते, डोकं दुखत होतं. अर्सेनी दोनदा बोलता बोलता थांबला आणि काय बोलत होतो ते विसरला.

मोठ्या साहेबांच्या बैठकीत ठरलं की गुरुवारी दुपारी बारापर्यंत गळती सापडून थांबली तर ठीक, नाहीतर दोघांनी परतीच्या यानात बसून खाली यावं. ऐकायला सोपं. पण माणसांशिवाय थोरली आठ दिवसही टिकली नसती. आणि यान चालवणार होता अर्सेनी, ज्याला आपलं वाक्य पुरं करता येत नव्हतं. तसल्या डोक्याने पृथ्वीवर उतरायचं म्हणजे जिवाशी गाठ. हे सगळ्यांना कळत होतं.

कुझ्मिचनी मला एवढंच सांगितलं की दोन दिवस आहेत, धाकटीतली कपाटं एकेक करून हलव आणि वरच्यांचा हात कुठे पोचेल ते बघ.

४

मंगळवारी दुपारी मी सातव्या कपाटाच्या फटीत नाक खुपसलं आणि मला गोडूस वास आला.

इथे एक सांगायला हवं. धाकटीतल्या नळ्या नुसत्या शोभेच्या. दोन्ही तोंडं बंद, आत थेंबभर काही नाही. तेवीस वर्षांत त्यांच्यात कुणी पाणीसुद्धा घातलं नाही.

मी फटीत टॉर्च मारला. नळीच्या जोडावर ओल होती. हात पोचत नव्हता, म्हणून लांब चिमट्यात कापूस धरून आत सारला. तो बाहेर आला तेव्हा हिरवट होता.

मी तिथेच बसले आणि डोकं चालवू लागले. छत गळत असेल. पण आठ दिवस पाऊस नव्हता, आणि पावसाला असा वास नसतो. कुणी चाचणीसाठी नळी भरली असेल. पण तोंडं बंद, आणि त्यांवरची शिक्क्यांची लाख शाबूत होती. मग माझं डोकं म्हणालं की बाई, तू थकली आहेस. मी कापूस कुझ्मिचकडे नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

कुझ्मिच सत्तरीचे. युद्धात विमानं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी कापूस हुंगला, कागदात गुंडाळला आणि कागद खिशात ठेवला.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"सातव्यामागे. तिसरा जोड."

"वर कळवतो की हिशेबाने तिथे शक्यता वाटते. तू यातलं कुणाला काही सांगू नकोस, मत्वेयेव्ना. मलाही पुन्हा सांगू नकोस."

तासाभराने ग्लेबने दंतवैद्याचा असतो तसला छोटा आरसा काठीला बांधून सातव्या कपाटामागे घातला. तिसऱ्या जोडावर लिंबाएवढा हिरवा गोळा डुलत होता. गोळा मोठा होई, सुटे, तरंगत निघून जाई, की दुसरा तयार.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माझे हात गार पडले होते, मी ते काखेत धरून उभी राहिले.

५

गळती सापडली, पण त्याने काही सुटलं नाही. सातवं कपाट स्थानकाच्या सांगाड्याला जोडलेलं, हलत नाही. फटीतून ग्लेबचा हात कोपरापर्यंत जाई, आणि जोड तिथून आणखी वीतभर पुढे. बुधवारभर आम्ही धाकटीत काठ्या बांधून पाहिल्या, चिमटे वाकवून पाहिले. काठीने आरसा धरता येतो, पण नळीला रबर गुंडाळून वर दोरा आवळायचा तर बोटंच लागतात. दहा बोटं, आणि त्यांत माझ्यासारखी जुनी असतील तर उत्तम.

रात्री कुझ्मिचनी घरी पाठवलं. नवऱ्याने गव्हाच्या कण्यांची पेज पुढे ठेवली, मी चमचा तसाच धरून बसले. ग्लेबचा त्या दिवसाचा आवाज कानांतून जात नव्हता. त्याने शेवटी विचारलं होतं, "मत्वेयेव्ना, तुम्ही असतात तर काय केलं असतं?" आणि मी म्हटलं होतं की मी असते तर मागून हात घातला असता. तो हसला. मागे काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

६

गुरुवारी सकाळी दहाला वरचा संपर्क तुटला. रोजचंच, थोरली पृथ्वीच्या पलीकडे गेली की तासभर आवाज येत नाही. कुझ्मिच टेलिफोनच्या खोलीत साहेबांशी बोलत होते. बाकीचे चहाला गेले. हॉलमध्ये मी एकटी होते, उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते, कबुतरं घुमत होती.

मी धाकटीला वळसा घालून तिच्या पाठीमागे गेले.

कशाला, ते मी आजवर स्वतःला चार प्रकारे समजावलं आहे. कोणतं रबर टिकेल ते बघावं म्हणून. हात रिकामे राहवत नव्हते म्हणून. गळकी नळी बघितली की मला चैन पडत नाही म्हणून. पण खरं सांगायचं तर मला तीन टरफलं आठवत होती.

लाकडी स्टूल घेतलं, त्यावर चढले, रबराची पट्टी गळ्यात टाकली, मेणाचा दोरा ओठांत धरला. कुझ्मिचच्या पाटीखालून दोन्ही हात चोरखिडकीत घातले. जोड समोरच होता. हिरवा थेंब त्यावर बसला होता. खाली पडत नव्हता.

आधी मला वाटलं की चिकट आहे म्हणून पडत नाही. मी तो फडक्याने टिपला आणि रबर गुंडाळायला लागले. तीन वेढे, ताणून. मग दोरा. हाताला सवय असते, त्याला डोक्याची गरज लागत नाही, त्यामुळे डोकं भलतीकडे लक्ष द्यायला मोकळं राहतं. माझ्या डोक्याने लक्ष दिलं ते असं: कबुतरं गप्प झाली होती. ट्यूबलाइटची गुणगुणही नव्हती. आणि पाठीला गार लागत होतं. हॉलचं मोठं दार कुणी उघडं टाकलंय, मी मनात शिवी हासडली, आत आले की बघते एकेकाला.

मग मी दोऱ्याचा मोकळा भाग ओठांतून सोडला. तो लोंबला नाही. हवेत उभा राहिला, पाण्यातल्या शेवाळासारखा हळूहळू डुलत.

मी ओरडले नाही. बोटंही थांबली नाहीत. सातवा वेढा, आठवा वेढा. तेवढ्यात कपाटाच्या फटीतून एक काठी आत आली. काठीच्या टोकाला छोटा गोल आरसा होता.

आरसा वळला आणि त्यात मला एक डोळा दिसला. लाल, सुजलेला. त्यात पाणी भरलं होतं, पण ते ओघळत नव्हतं, भिंगासारखं डोळ्यावर चढून बसलं होतं. तो डोळा माझ्याकडे बघत होता. पापणी हलत नव्हती. मीही त्याच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं धाडस नव्हतं. तसंच बघत मी गाठ मारली, आवळली, आणि नखाएवढं टोक सोडून दोरा कापला.

मग मागचं दार कोण उघडं टाकतंय ते बघावं म्हणून मी मान वळवायला लागले. आरसा हलला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हात थरथरतोय बिचाऱ्याचा, मला वाटलं, आणि मी पुन्हा आरशाकडे बघितलं.

माझे गुडघे दुखतात. स्टुलावरून उतरताना मी कधी वळत नाही. तोंड कामाकडेच ठेवून एक पाय मागे सोडते आणि जमीन चाचपते. तसाच मी डावा पाय मागे सोडला. जमीन लागायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पण लागली. त्याबरोबर कबुतरं एकदम घुमायला लागली, मी चोरखिडकीच्या कडेला धरून उभी राहिले आणि मोठ्याने श्वास घेतला.

हॉलचं मोठं दार बंद होतं. डाव्या पायातली सपात नव्हती.

७

अकराला संपर्क जुळला. ग्लेबचा आवाज आधी आला नाही, अर्सेनी बोलला. सावकाश, पण पूर्ण वाक्यात. गळती थांबली आहे. पंप सुरू करून वीस मिनिटं झाली, दाब टिकून आहे. साहेबांपैकी कुणीतरी विचारलं की दुरुस्ती कशी केली. मग ग्लेब म्हणाला की जोड बांधला आहे, तपशील नंतर देतो.

तपशील त्याने कधीच दिला नाही. यादीत फक्त एवढं आलं: सातव्या कपाटामागे तिसरा जोड, रबर आणि मेणाचा दोरा. मेळ घालायची गरजच नव्हती. नियमाप्रमाणे मी बांधलेलं सोडवून टाकायला हवं होतं, पण आता वर झालेलं होतं, म्हणून खाली राहिलं.

कुझ्मिचनी ती यादी दोनदा वाचली. मग धाकटीच्या पाठीमागे गेले, चोरखिडकीत वाकून बघितलं, आणि परत येऊन मला म्हणाले की तुझी बोटं दाखव. बोटांची टोकं पांढरी पडली होती, गोठल्यावर पडतात तशी. हॉलमध्ये अठरा अंश होते. त्यांनी माझे हात आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ चोळत राहिले.

सपात मी तीन दिवस शोधली. स्टुलाखाली, घोड्यांखाली, नळ्यांच्या खोक्यांत. पडल्याचा आवाज मला आला नव्हता, पण लोकरीचा आवाज होतो कुठे. हॉलमधल्या पोरांनी चेष्टा केली की मत्वेयेव्ना म्हातारी झाली, आता एक दिवस दात विसरून जाईल. मी नवी जोडी घेतली. उरलेली उजवी खुंटीवर टांगून ठेवली, का कोण जाणे.

८

ग्लेब सप्टेंबरमध्ये खाली आला. दोन आठवड्यांनी एका दुपारी काठी टेकत हॉलमध्ये आला. रोडावला होता, पाय अजून जमिनीला सरावले नव्हते. सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या, चहा झाला. लोक पांगल्यावर तो मला म्हणाला की चला, जरा धाकटीची पाठ बघू.

आम्ही मागे गेलो. त्याने चोरखिडकीत हात घालून माझी गाठ चाचपली, नखाएवढ्या टोकावर अंगठा फिरवला. मग स्टुलावर बसला. मी त्याच्यासमोर, तोंड धाकटीकडे, पाठ हॉलकडे करून उभी होते.

"विचारत का नाही तुम्ही?" तो म्हणाला.

मी म्हटलं की मला काय विचारायचं तेच कळत नाही.

तो काठीकडे बघत बोलू लागला. फटीत आरसा घातला तर समोर भिंत दिसायला हवी होती. दिसल्या माझ्या बोटांच्या पेरी. त्याला वाटलं की हवा कमी पडतेय, आता आपणही अर्सेनीसारखे होणार. मग बोटांमागे मी दिसले, निळा कोट, ओठांत दोरा. भिंतीला भोक पडलेलं, तरी हवा बाहेर जात नव्हती. का जात नव्हती ते विचारू नका, तो म्हणाला.

"आणि तुमच्या मागे हॉल नव्हता, मत्वेयेव्ना."

कबुतरं घुमत होती, मी त्यांच्याकडे कान लावून होते.

"मग काय होतं?"

"सकाळ होत होती. खाली समुद्र होता, अख्खा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि त्या कडेवर निळी रेघ पेटत चालली होती. तुम्ही त्याच्यासमोर उभ्या होतात. स्टूल नव्हतं. दोर नव्हता. तुमच्या पायांखाली चारशे किलोमीटर काही नव्हतं, आणि तुम्ही कपाळाला आठ्या घालून दोरा आवळत होतात."

त्याने खाकरून घेतलं.

"इतकं सुंदर मी जन्मात काही बघितलं नाही. आणि इतका घाबरलोही नाही. तुम्ही वळला असतात तर काय झालं असतं मला माहीत नाही. एवढंच कळत होतं, की तुम्ही माझ्या डोळ्याकडे बघताय तोवर मागे बघणार नाही. म्हणून मी पापणी लववली नाही."

मला तो पाण्याने भरलेला डोळा आठवला. मी धाकटीच्या पत्र्याला हात टेकला. अकरा वर्षं वाट बघितलेला हा पोरगा वर गुदमरत होता, आणि मी त्याला वाचवतेय असं मला वाटत होतं. खरं तर त्यानेच मला तिथे धरून ठेवलं होतं, नुसत्या नजरेने.

"माझी सपात गेली त्या दिवशी," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"माहीत आहे. चौथ्या दिवशी खिडकीतून दिसली. टाचेवर लाल फुली. आमच्याबरोबरच फिरत होती, दर फेरीला थोडी मागे पडत. आठवडाभर रोज सकाळी मी तिला बघायला जायचो."

"अर्सेनीने बघितली?"

"बघितली. म्हणाला की बाहेरचं कसलंतरी आवरण सुटलेलं दिसतंय, यादीत लिही."

"लिहिलंस?"

"नाही," ग्लेब म्हणाला. "लिहिलं असतं तर तुम्ही मेळ घालायला निघाला असतात."

मी हसले. मग तोही हसला, आणि आम्ही दोघं डोळे पुसत राहिलो. नंतर त्याने स्टुलावर सरकून मला जागा करून दिली. मी त्याच्याशेजारी टेकले, तोंड अजून धाकटीकडेच. प्रवासाला निघण्याआधी बसतात तसे आम्ही मिनिटभर गप्प बसलो. निघायचं तर कुणालाच नव्हतं.

"आता वळलात तरी चालेल," तो हळूच म्हणाला.

एप्रिलपासून मी त्या जागी कधी मान वळवली नव्हती. मी वळले. हॉल जागेवर होता. उन्हाचे पट्टे, नळ्यांची खोकी, खुंटीवर माझी उजवी सपात. छतातून एक कबुतर उडालं आणि दुसऱ्या कैचीवर जाऊन बसलं. सगळं जिथल्या तिथे होतं, समुद्र कुठेच नव्हता, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.